कुलूपबंद तबकडी : राखण कोणाची, कोणापासून?

२०१८ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीला जाण्याचा योग आला. महागाव तालुक्यातले हे गाव. परिसरातल्या शिक्षकांसमोर प्रकाशाचे काही साधे प्रयोग करून दाखवायचे, एवढेच आमचे काम होते. प्रयोग झाले, चहा झाला आणि मग विज्ञान शिकवणारे एक गुरुजी आम्हाला आपल्या शाळेच्या कार्यालयात घेऊन गेले. कपाटातून त्यांनी आठ तबकड्यांचा एक संच काढला. पाचवी ते आठवीचे विज्ञान, मराठीतून, हलत्या चित्रांसह. २०१३ साली गावातून वर्गणी जमवून तो घेतलेला होता. "सर, ह्या आठातल्या तीनच चालतात. बाकीच्या काहून चालत नाहीत ते सांगा," असे म्हणून त्यांनी संगणक सुरू केला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तबकड्या खराब झालेल्या नव्हत्या. उरलेल्या पाचांना कुलूप होते. पाठ संगणकात उतरवून घेताना त्यातला कार्यक्रम संगणकाच्या हार्ड डिस्कवरून एक क्रमांक तयार करी. तो क्रमांक फोनवरून विक्रेत्याला कळवायचा, विक्रेत्याने त्याला जुळणारा दुसरा क्रमांक द्यायचा, मग पाठ उघडायचे. २०१३ साली हे सगळे रीतसर झाले होते. पुढे विजेच्या लपंडावात हार्ड डिस्क गेली, नवी बसवली आणि साहजिकच क्रमांक बदलला. खोक्यावर छापलेला फोन नंबर लावून पाहिला, तर तो आता भलत्याच कोणाकडे होता. ज्या तीन तबकड्या चालत होत्या त्यांच्यावर कुलूपच नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट अनेक शाळांच्या ओळखीची असेल. आम्हाला विचारात पाडले ते पुढच्या प्रश्नाने. गुरुजींनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्यांनी स्वतः तयार केलेले बावीस स्लाइडचे एक सादरीकरण होते. तालुक्यातल्या शाळांना त्याच्या तीस तबकड्या करून द्यायचे त्यांच्या मनात होते, कारण नेटवर्कचा भरवसा नव्हता. आणि त्यांचा प्रश्न होता, "याला कुलूप कसं लावायचं?" पाच कुलपांनी ज्यांचा वर्ग अडवला तेच गुरुजी सहावे कुलूप मागत होते. तेव्हा घाईत "तसे पक्के कुलूप नसते" एवढेच बोलून आम्ही गाडी गाठली. ते उत्तर अपुरे होते. हा लेख त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे.

आधी त्या संचाविषयी. चालणाऱ्या तीन तबकड्या आम्ही तिथेच बसून पाहिल्या. विद्युतधारेचा पाठ खरोखर चांगला आहे. रोध वाढवला की दिवा मंद होतो. दोन दिवे एकसर जोडले की दोन्ही मंदावतात, समांतर जोडले की दोन्ही पूर्ण तेजाने लागतात. मूल स्वतः पडद्यावरच्या तारा ओढून हे जोडू शकते. खऱ्या दिव्यांनी हे करावेच, पण चाळीस मुलांत दोन बॅटऱ्या असतात तेव्हा अशा पाठाचे मोल कळते. वनस्पतींचा पाठ मात्र परक्या चित्रांवर मराठी आवाज चढवून केलेला आहे. ज्या मुलांच्या दप्तरातसुद्धा कापसाचे बोंड सापडेल, त्यांना मेपलचे पान दाखवून पानाचे भाग शिकवायचे यात काय औचित्य, ते आम्हाला समजले नाही. सावल्यांच्या पाठात तर सरळ चूक आहे. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते, असे निवेदक ठणकावून सांगतो.

हे खरे नाही, आणि का खरे नाही हे फुलसावंगीतच शिकवता येते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील गावात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. फुलसावंगीचे अक्षांश उत्तरेला वीसच्या किंचित अलीकडे आहेत, त्यामुळे तिथे हे दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास येतात. त्या दिवशीही ही घटना बारा वाजता घडत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. फुलसावंगी त्याच्या साडेचार-पावणेपाच अंश पश्चिमेस. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने अठरा-एकोणीस मिनिटांचा फरक झाला. त्यात ऋतुमानाप्रमाणे काही मिनिटांची घट-वाढ होते, म्हणून मेमध्ये सव्वाबाराच्या आसपास आणि जुलैत बारा पंचविसाच्या आसपास खरी माध्यान्ह होते.

गुरुजींचे सादरीकरण याच विषयावर होते, आणि ते त्या चूक पाठामुळेच जन्मले होते. पाठ दुरुस्त करता येत नव्हता, म्हणून त्यांनी नवा केला. अंगणात बांबू रोवला, ओळंब्याने तो सरळ केला, दर पाच मिनिटांनी सावलीचे छायाचित्र घेतले. मेमध्ये सुट्टी असते, तरी गावातली मुले बोलावून आणली. जुलैत ढगांनी दोन वर्षे काही दिसू दिले नाही, आणि तीही गोष्ट त्यांनी एका स्लाइडवर प्रामाणिकपणे लिहिली आहे. आमच्या पाहण्यातल्या कित्येक विकाऊ पाठांपेक्षा हे काम सरस आहे. एका प्रशिक्षणात त्यांनी ते दहा-बारा जणांना देऊन टाकले. वर्षाच्या आत ते मोबाइलवर फिरत फिरत त्यांच्याकडेच परत आले. पहिल्या स्लाइडवर दुसऱ्याच कोणाचे नाव होते. "अंगण आमचं, लिंब आमचा, पोरं आमची, अन् नाव भलत्याचंच," गुरुजी म्हणाले. कुलपाची मागणी यातून आली होती.

आता कुलूप का टिकत नाही ते पाहू. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते. दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर आणि वाटेची एकूण लांबी पाच किलोमीटरांहून अधिक. वाटेवर सूक्ष्म खळगे असतात, अवरक्त लेसरचा किरण त्यांवरून परावर्तित होतो आणि त्या चढउतारांतून शून्य व एक यांची माळ मिळते. माहिती तुकड्यातुकड्यांत बांधलेली असते. २३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यात आपला मजकूर २०४८ बाइटचा. उरलेल्यातला बराचसा भाग चूक ओळखण्यासाठी आणि ती दुरुस्त करण्यासाठी राखलेला. म्हणून तर ओरखडे पडलेली तबकडीही बऱ्याचदा चालते. ज्यांनी ही रचना केली त्यांचे सारे कौशल्य एका गोष्टीकडे लागले होते: मजकूर जसाच्या तसा वाचता यावा. आणि जे जसेच्या तसे वाचता येते ते जसेच्या तसे लिहिताही येते. संगणक कोणताही पाठ दाखवण्यापूर्वी त्याची एक प्रत आपल्या स्मृतीत आणतोच. त्यामुळे 'दाखव, पण प्रत करू नकोस' ही आज्ञा यंत्राच्या दृष्टीने आपल्याच पायात पाय अडकवणारी आहे.

नकल रोखणाऱ्यांनी मग याच रचनेत खोडी काढायला सुरुवात केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेफडिस्क, सिक्युरॉम अशी नावे पुढे आली, मुख्यतः खेळांच्या तबकड्यांसाठी. काही तुकडे मुद्दाम चुकीचे लिहायचे. साधा नकल करणारा कार्यक्रम तिथे अडखळतो किंवा चूक सुधारून लिहितो, आणि मूळ कार्यक्रम सुरू होताना ती चूक जागेवर आहे का हे तपासतो. चूक नसेल तर तबकडी नकली! निर्दोष प्रत पकडली जाते ती निर्दोष आहे म्हणून. युक्ती चतुर होती यात शंका नाही. पण थोड्याच काळात चुकांसकट प्रत करणारे कार्यक्रम निघाले. मग सर्पिल वाटेवरच्या दोन तुकड्यांमधले भौतिक अंतर वेळ मोजून तपासणारी कुलपे आली. त्यावर तबकडीच्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारे कार्यक्रम आले. दोन्ही बाजूंची हुशारी वाढत गेली आणि मध्ये पैसे देऊन विकत घेणारा ग्राहक भरडला गेला. जुन्या यंत्रात त्याची अस्सल तबकडीही कधी कधी नकली ठरे.

गाण्यांच्या तबकड्यांची कथा तर विनोदी आहे. २००२ साली काही कंपन्यांनी तबकडीच्या बाहेरच्या कडेला संगणकाला गोंधळात टाकणारी एक खोटी वाट ठेवली. ती वाट साध्या मार्कर पेनने काळी केली की कुलूप गळून पडते, हे लोकांच्या लगेच लक्षात आले. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीने पन्नासाहून अधिक अल्बमांच्या तबकड्यांत असा कार्यक्रम घातला, की जो ग्राहकाच्या संगणकात गुपचूप शिरून स्वतःला लपवत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी तो उघडकीस आणला. त्या लपण्याच्या जागेचा फायदा विषाणूही घेऊ लागले, खटले झाले, तबकड्या परत मागवाव्या लागल्या. चोरांपासून माल राखण्यासाठी ग्राहकाच्या घराची मागची खिडकी उघडी टाकण्याचा हा प्रकार होता. ज्याने गाणी फुकट उतरवून घेतली त्याच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

डीव्हीडीवरील चित्रपटांचे कुलूप खरोखरीच्या सांकेतिक लिपीचे होते. चाळीस द्विमान अंकांची किल्ली, म्हणजे सुमारे एक लाख कोटी शक्यता. १९९९ साली ते उघडणारा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. नॉर्वेतील योन योहानसेन या किशोरवयीन मुलावर त्याबद्दल खटला भरण्यात आला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला. या कुलपाची खरी गंमत वेगळी आहे. कारखान्यात साचे काढून हजारो नकली डीव्हीडी छापणाऱ्याला ते फोडण्याची गरजच नव्हती. तो किल्लीसकट सगळेच खळगे छापत असे. अडे तो फक्त घरी एक प्रत काढू पाहणारा.

या सगळ्या कुलपांचे दुखणे एकच आहे, आणि ते गणिताच्या शिक्षकाला चटकन पटेल. सांकेतिक लिपीत तिघे असतात: पाठवणारा, घेणारा आणि मध्येच कान देणारा. किल्ली पहिल्या दोघांकडे असते, तिसऱ्याकडे नसते, म्हणून गुपित राहते. तबकडीच्या कुलपात घेणारा आणि कान देणारा हा एकच मनुष्य आहे. त्याला पाठ दिसायला हवा म्हणून किल्ली त्याच्या संगणकापर्यंत पोचवावीच लागते; आणि पोचवल्यावर ती त्याच्यापासून लपवायची. किल्ली लांबलचक करून, अधिक गुंतागुंतीचे गणित वापरून यातून सुटका नाही. आणि एवढे करून पाठ पडद्यावर उमटला की तो प्रकाश असतो. समोर मोबाइल धरला की काम झाले.

कुलूप टिकत नाही एवढेच असते तर दुर्लक्ष करता आले असते. आमची खरी तक्रार अशी, की चोराच्या बाबतीत ते लवकर मोडते आणि मालकाच्या बाबतीत कधीच मोडत नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा सेफडिस्कच्या कुलपाला लागणारा भाग तिच्यात घेतलाच नव्हता, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. परिणाम असा, की अस्सल तबकडी घेतलेल्याचा खेळ बंद पडला आणि कुलूप काढलेली नकली प्रत चालत राहिली. फुलसावंगीच्या पाच तबकड्यांचे जे झाले तेच हे, मोठ्या प्रमाणावर.

यंत्रे माणसांपेक्षा लवकर म्हातारी होतात हे शिक्षकांनी तरी विसरू नये. १९८६ साली बीबीसीने ब्रिटनमधल्या शाळांच्या मदतीने देशाचे एक मोठे वर्णन लेसर तबकड्यांवर नोंदवले होते. १०८६ सालच्या डूम्सडे बुक या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून. पंधरा-वीस वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीची वही मात्र आजही वाचता येते. तिथे तर कुलूपही नव्हते. कुलूप असते तर जुन्या तबकडीवरून नव्या साधनावर मजकूर हलवणे, म्हणजे त्याला जिवंत ठेवण्याचा एकमेव मार्गच बंद झाला असता.

कायदा याविषयी काय म्हणतो? आपल्याकडे शिक्षकांमध्ये समज असा, की प्रत केली म्हणजे गुन्हा झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत उल्लंघन मानू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ साली दावा केला होता; २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे तो निकालात काढला आणि अध्यापनासाठी लागणारे उतारे गोळा करून देण्यास मोकळीक दिली. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास हे कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्याने त्याची नाव-पत्त्यासह नोंद ठेवावी. आमच्या वाचनाप्रमाणे वर्गासाठी विकत घेतलेल्या पाठाचे कुलूप वर्गासाठीच उघडणे हा गुन्हा नव्हे. अडचण अशी, की कायद्याने दिलेली ही मोकळीक कुलपाला वाचता येत नाही. ते शिक्षक आणि चोर यांत भेद करीत नाही. संसदेने जे दिले ते खोक्यातल्या कार्यक्रमाने परत घेतले, आणि त्यावर दाद मागायला खोक्यावरचा नंबर सोडून काही नाही.

विक्रेत्याची बाजूही पाहायला हवी. मराठीतून विज्ञानाचे पाठ काढणाऱ्याचा बाजार लहान. चित्रकार, आवाज, तपासणी यांचा खर्च मात्र इंग्रजी पाठाइतकाच. एका शाळेने घ्यायचे आणि तीस शाळांनी उतरवायचे असे झाले तर दुसरा संच निघणारच नाही, हे म्हणणे खोटे नाही. आमच्या मते यावरचा उपाय पाठ्यपुस्तकासारखा आहे: सार्वजनिक पैशाने पाठ एकदाच चांगला करून घ्यावा आणि सर्वांना खुला करावा. ही केवळ कल्पना नाही. २०१३ साली केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक साधनसंग्रहात नाव ठेवून मोकळेपणी वापरण्याचा परवाना स्वीकारला गेला. २०१७ साली दीक्षा हे व्यासपीठ आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून पाठ, कविता, चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या. तीच कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी तर खेळण्यांची आणि पुस्तकांची सगळी शिदोरी संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहे. मात्र क्यूआर कोड म्हणजे पत्ता, पाठ नव्हे. त्या पत्त्यावरचे घर बंद झाले किंवा गावात नेटवर्क नसले तर छापलेला कोड आणि कुलपातली तबकडी यांत फरक उरत नाही. पाठ उतरवून जवळ ठेवता आला पाहिजे, हा आग्रह तिथेही धरायला हवा.

आता गुरुजींच्या बावीस स्लाइडकडे येऊ. सादरीकरणाला पासवर्ड लावता येतो, तो दोन प्रकारचा. 'बदलण्यासाठी'चा पासवर्ड ही केवळ विनंती असते. आतला मजकूर उघडाच राहतो आणि थोडी माहिती असलेला मुलगाही ती विनंती काढून टाकतो. नुसता 'शो' म्हणून जतन केलेली फाइल फाइलच्या नावाची शेपटी बदलली की पुन्हा बदलण्याजोगी होते. 'उघडण्यासाठी'चा पासवर्ड खरोखर सांकेतिक लिपीचा असतो, २००७ नंतरच्या ऑफिसमध्ये तर चांगलाच मजबूत. पण तीस शाळांना तबकडी द्यायची म्हणजे तीस शाळांना पासवर्ड द्यायचा. ज्याला तो दिला त्याच्या हाती सगळे आले. स्लाइडची चित्रे करून पाठवली तर मजकूर बदलणे थोडे कठीण होते, मात्र पुढच्या शिक्षकाला आपल्या गावाचे अक्षांश घालून ती सुधारताही येत नाहीत. म्हणजे सावलीच्या चूक पाठाने गुरुजींना जसे अडवले, तसेच गुरुजी दुसऱ्याला अडवणार.

आणि त्यांचे दुःख प्रती झाल्या हे नव्हतेच. त्यांनी स्वतःच त्या वाटल्या होत्या, आणखी तीस वाटायच्या होत्या. दुःख नाव पुसले याचे होते. या दोन गोष्टी कायद्यानेही वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रतींचा हक्क विकता येतो. शिवाय नोकरीच्या ओघात केलेल्या कामावर कलम १७ प्रमाणे पहिला हक्क मालकाचा असतो, तेव्हा शिक्षकाने सुट्टीत अंगणात केलेले काम कोणाचे, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. पण कर्तृत्वाचा हक्क कलम ५७ प्रमाणे कर्त्याकडेच राहतो, प्रतींचा हक्क दुसऱ्याला दिला तरीही. तो कागदावर आहे. व्यवहारात तो टिकवण्यासाठी तबकडीचे कुलूप निरुपयोगी आहे आणि साधी पाटी उपयोगाची.

पाटीच म्हणतो आहोत आम्ही, खडूने लिहायची. परतल्यावर गुरुजींना पत्र लिहिले त्यात हेच सुचवले. बांबूच्या शेजारी एका मुलाच्या हाती पाटी द्या, तिच्यावर गाव, शाळा, तारीख आणि वेळ लिहा, मग छायाचित्र घ्या. विज्ञानाच्या दृष्टीनेही ते बरे, कारण नोंद छायाचित्रातच राहते. पहिल्या स्लाइडवरचे नाव बदलायला अर्धे मिनिट लागते. बावीस छायाचित्रांतली पाटी बदलत बसायला कोणाला हौस नसते. स्लाइड मास्टरवर नाव घाला म्हणजे ते प्रत्येक पानाच्या तळाशी येईल. एक प्रत तारखेसह सर्वांना दिसेल अशा ठिकाणी आधी ठेवा, म्हणजे मूळ कोणते हा वाद उरणार नाही. आणि पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहा: वापरा, वाटा, आपल्या गावाप्रमाणे बदला, मूळ कर्त्याचे नाव ठेवा आणि बदललेला पाठही असाच मोकळा द्या. या मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत रीतसर रूप आहे.

पत्रात आणखी एक गोष्ट लिहावी लागली, ती थोडी अवघड होती. त्यांच्या सातव्या स्लाइडवरची पृथ्वी आणि सूर्यकिरणांची सुबक आकृती आम्ही त्याच संचातल्या एका चालणाऱ्या तबकडीत पाहिली होती. तिच्याखाली कोणाचेच नाव नव्हते. वर्गात दाखवायला हरकत नाही, तीस तबकड्यांवर आपल्या नावाखाली छापायला मात्र आहे. उलटटपाली उत्तर आले. आकृती त्यांनी काढून टाकली होती आणि मुलीकडून वहीवर काढून घेतलेली नवी, जराशी वाकडी आकृती तिच्या नावासकट घातली होती. तबकड्या २०१९ च्या उन्हाळ्यात वाटल्या. कुलूप लावले नाही. पाटी असलेली छायाचित्रे अजून दुसऱ्या कोणाच्या नावाने परत आलेली नाहीत, निदान त्यांच्या पाहण्यात तरी नाहीत.

२०२१ मध्ये त्यांचा फोन आला. फ्लॅश हे तंत्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद करण्यात आले आणि तीन चालणाऱ्या तबकड्यांपैकी जी ब्राउझरमध्ये उघडत असे, ती विद्युतधारेची, काळी पडली. आम्ही हळहळलो. पण गुरुजी हसत होते. कुलूप नसल्यामुळे एका माजी विद्यार्थ्याने त्यातल्या फाइली बाहेर काढल्या आणि रफल नावाच्या मोफत कार्यक्रमात लावून पाहिल्या. दिवे पुन्हा लागले. कुलपातल्या पाचांचे तसे काही करता आले नाही.

त्या पाच तबकड्या आता ते आमच्याच एका प्रयोगाला वापरतात. लाल लेसर पॉइंटरचा किरण तबकडीवर काटकोनात टाकायचा; सर्पिल वाटेचे जवळजवळचे वेढे विवर्तन घडवतात आणि समोर एक मीटरवर धरलेल्या पुठ्ठ्यावर, किरणापासून सुमारे ४४ सेंटिमीटरांवर, दोन्ही बाजूंना ठिपके पडतात. पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरून मुलांनी हिशेब केला की दोन वेढ्यांतले अंतर १.६ मायक्रोमीटर येते. लेसर डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे सांगायला नकोच.